साहेबांची पोथी

माझ्या भाचीची मुलगी ऋतुजा लातूरला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. अधूनमधून तिचा फोन येतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी घाईघाईने उरकते आणि मग खरा विषय निघतो. "आज्जी, एखादं नवीन चरित्र सांग ना. राजकारणातल्या माणसाचं. पण खरंखुरं पाहिजे, उगं हार घातलेलं नको." मी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना वाटतं की हिच्याजवळ अशा पुस्तकांची रास पडलेली असणार. रास आहेच. नांदेडच्या या दोन खोल्यांत बसायला जागा नाही, पण गेल्या दोन-तीन वर्षांत निघालेली चरित्रं कॉटखालीसुद्धा आहेत. एका माजी मंत्र्यांचं आहे, ते त्यांच्या स्वीय सहायकाने लिहिलंय आणि त्यात मंत्री कधी चुकतच नाहीत, फक्त त्यांचा ड्रायव्हर चुकतो. एका सरपंच बाईंचं आत्मकथन आहे, ते मला मनापासून आवडलं, पण मधूनच त्यांच्या नवऱ्याचा आवाज येतो. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी आहेत, त्यात त्यांच्याखेरीज सगळं सरकार मूर्ख आहे. तरी दुष्काळाचं प्रकरण असं काही लिहिलंय की रात्री जेवण गेलं नाही. यातलं कुठलं सांगायचं? मी एक नाव घेते, मग म्हणते थांब, नको, दुसरं घे. मग म्हणते उद्या सांगते. ऋतुजाला वाटतं आज्जीला वयोमानाने गोंधळायला होतंय. तसं नाही. एखाद्याला पुस्तक वाच म्हणून सांगायचं म्हटलं की मी बारावीच्या उन्हाळ्यापासून अशीच गोंधळलेली आहे.

आमचं घर देगलूरला, मोंढ्याला, म्हणजे धान्यबाजाराला लागून. पुढे दादांची भुसाराची आडत आणि मागे आम्ही. दादा म्हणजे माझे वडील. पहाट व्हायची ती हमालांच्या आवाजाने आणि तुरीच्या धुळीने. मोंढ्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि हैद्राबादी अशा चारही भाषा एकाच पोत्यावर बसून भांडायच्या आणि भाव मात्र रुमालाखाली बोटांनीच ठरायचा. माप मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, हा तिकडचा रिवाज. आमच्या काट्यावर ते माप मोजायचे मन्मथआज्जा. "लाभ... लाभ... लाभ... दोन..." असा त्यांचा सूर लागला की अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीवरून न उठता सांगायची की आज माल बरा आलाय. सकाळी सुशीला असायची, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, वर फुटाण्याची डाळ आणि लिंबू. दुपारी भाकरी, अंबाडीची भाजी आणि येसराची आमटी. आज मी इथे तीच आमटी करते तर शेजारीण म्हणते, ताई, मिरची जरा कमी घाला. तिच्या आमटीत काय घालावं हे मी कधी सांगायला गेले नाही.

मन्मथआज्जा दादांचे मामा. कर्नाटकाच्या अंगाला त्यांची एक वाडी होती, ती तलावात गेली. मग ते पेटी, घोंगडी आणि गळ्यातलं लिंग एवढं घेऊन आमच्याकडे आले ते कायमचेच. त्यांची बायको आधीच वारलेली होती, मूलबाळ नव्हतं. ते वाडीचं बोलायचे ते दुःखाने नाही, तोऱ्यात बोलायचे. आमच्या महादेवापुढं दोन नंदी होते, एक म्हातारा झाला म्हणून गावानं दुसरा बसवला, पण पहिल्याला उठवलं नाही, हे तर आम्हा पोरांना पाठ होतं. त्याहून मोठा तोरा साहेबांचा. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. नाव घ्यायची गरज नव्हती आणि अजूनही नाही. तलावाचं ठरलं तेव्हा साहेब स्वतः वाडीवर आले, चिंचेखाली बसले, आज्जांच्या घरची भाकरी खाल्ली आणि हात जोडले. सगळ्यात आधी अंगठा उठवला आज्जांनी. "सायबानं माज्यापुढं हात जोडलेत," हे वाक्य आले-गेले सगळे शेतकरी ऐकून होते, आणि ऐकलं नसेल त्याला माप होईपर्यंत ऐकावं लागायचं.

आज्जांना अक्षर येत नव्हतं, पण त्यांच्याइतका नावाजलेला सूचक आमच्या भागात दुसरा नव्हता. हे सूचकाचं आजकालच्या मुलांना सांगावं लागतं. श्रावणात आमच्याकडे पोथी लावतात. एक जण वाचक, तो एक ओवी सुरावर वाचतो आणि थांबतो. मग सूचक त्या ओवीचा अर्थ सांगतो, रंगवून, उदाहरणं देऊन, समोर बसलेल्याची फिरकी घेऊन. लोक ऐकायला येतात ते सूचकाला. पोथीचे नेम कडक. एकदा लावली की अर्धी सोडायची नाही, ओवी गाळायची नाही आणि समाप्तीला हुग्गीचं, म्हणजे गव्हाच्या खिरीचं जेवण घालायचं. मी नववीत असल्यापासून आज्जांची वाचक होते. पोरीला कशाला बसवता म्हणून एक-दोघांनी नाकं मुरडली, तेव्हा आज्जा म्हणाले, "तिचा आवाज माज्या कानाला बसलाय. तुमच्यातलं कोन वाचतंय सांगा, बसवतो." कोणीच उठलं नाही. ती जागा मला फार आवडायची. मी वाचायची आणि माझ्या तोंडून निघालेल्या अक्षरांचा अर्थ शेजारून दुसऱ्याच आवाजात यायचा, आणि अर्थ सांगायची जबाबदारी माझी नव्हती.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात साहेबांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला त्यांचं चरित्र निघालं, लातूरच्या एका वयस्क प्राध्यापकांनी लिहिलेलं. ते साहेबांचे जुने मित्र. मुखपृष्ठावर साहेबांचा फेट्यातला फोटो. साहेबांचे चिरंजीव, सगळे त्यांना धाकटे साहेब म्हणत, त्यांनी म्हणे गाडीभर प्रती घेतल्या आणि गावोगाव वाटायला गुत्तेदारकाकांच्या हवाली केल्या. गुत्तेदारकाका म्हणजे धाकट्या साहेबांचा आमच्या तालुक्यातला माणूस. रस्ता, शाळेची खोली, बँकेतली चिकटवाचिकटव, सगळ्याचं गुत्तं, म्हणजे कंत्राट त्यांच्याकडे. पुस्तक मोंढ्यातल्या प्रत्येक दुकानात पोचलं, गल्ल्यामागे देवांच्या ओळीत उभं राहिलं, आणि आतलं कुणी काही वाचलं नाही. आमच्याकडच्या प्रतीवर दोन दिवसांत उदबत्तीची राख पडली. मी ती झटकून पुस्तक आत नेलं. मला तोवर असं पुस्तक भेटलंच नव्हतं. त्यात साहेब भित्रेही होते आणि धीटही. आमच्या गावात मुलींची शाळा आणण्यासाठी ते भांडले होते, म्हणजे मी वाचू शकत होते ती त्यांच्यामुळे. आणि त्याच माणसाने एका निवडणुकीत मित्राला असं काही फसवलं होतं की वाचून माझे कान तापले. मी अधाशासारखी वाचत गेले. तलावाचं एक प्रकरण होतं, त्यात वाडीचं नाव नव्हतं, नुसता प्रकल्प आणि त्याचा क्रमांक. ते रुक्ष वाटलं म्हणून नजर फिरवली आणि पुढे गेले.

दादांनी विचारलं, "कसं हाय गं पुस्तक?"

"लई चांगलं हाय दादा. सगळ्यांनी वाचावं असं," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यातली ही पहिली शिफारस. मी म्हणत होते की पुस्तक चांगलं आहे. दादांनी धरलं की पुस्तकात साहेबांविषयी चांगलं आहे. आमच्याकडे तोवर पुस्तक म्हणजे पोथी, आणि पोथी ज्याची असते त्याच्याविषयी ती वावगं बोलत नाही. दादांच्या डोक्यात लगेच गणित जमलं. मला लातूरला बी.ए.ला जायचं होतं. दादांची अट होती की मुलगी राहील तर संस्थेच्या मुलींच्या होस्टेलात, नाहीतर घरी. संस्था धाकट्या साहेबांची, होस्टेलात जागा मोजक्या आणि त्या मिळायच्या त्यांच्या शब्दावर. तो शब्द आणायचे गुत्तेदारकाका. दादा अव्वाला म्हणाले, "श्रावनाची वाट कशाला बगायची? सायबाचंच पुस्तक लावू. समाप्तीला गुत्तेदाराला बोलवू. पोरगी वाचती, आपला आज्जा सांगतो, त्येला दिसंल की हे घर कसलं हाय ते. मग जागेचं काडतो." अव्वा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "पुस्तकाची कुटं पोथी होती का?" दादा म्हणाले, "सायबाची होती."

आणि झालीही. आडतीच्या ओट्यावर सतरंजी घातली, पाटावर पुस्तक ठेवलं, त्याला विभूती लावली. मोंढा उठला की दुकानदार, हमाल, दोन मास्तर आणि शेजारच्या बायका यायच्या. मी एक परिच्छेद वाचायची आणि थांबायची. पहिल्या संध्याकाळी मी वाचलं, 'येथून त्यांच्या सार्वजनिक जीवनातील दुसरे पर्व सुरू होते.' आज्जांनी मांडी बदलली. "आता बगा, पर्व म्हंजे काय, म्हाभारतात असत्यात तशी पर्वं. पैल्या पर्वात पोरं खेळत्यात. दुसऱ्यात जुगार हाय. म्हंजे सायेब आता जुगारी लोकात जाऊन बसनार, पर फासा हातात धरनार न्हाईत." सगळे हसले, माना डोलवल्या, आणि पुढच्या परिच्छेदात साहेब पहिल्यांदा मुंबईला आमदार म्हणून गेले. अर्थ इतका बरोबर बसला की मला वाटलं आज्जांनी पुस्तक आधीच कुणाकडून ऐकलंय. मित्राला फसवल्याची गोष्ट आली त्या दिवशी मात्र आज्जांनी कुणाची फिरकी घेतली नाही. नुसतं म्हणाले की यात मित्राची परीक्षा होती. लोकांनी मान्य केलं. मी मान्य केलं नाही, पण मी वाचक होते. त्या रात्री जेवताना आज्जांनी मला हळूच विचारलं, "गिरजे, त्या मित्राचं पुडं काय झालं ते लिवलंय का?" लिहिलं नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बराच वेळ बुडवून ठेवला.

समाप्तीच्या आदल्या दुपारी मी दुसऱ्या दिवसाची पानं चाळत बसले होते. तलावाचं प्रकरण शेवटच्या दिवसात आलं होतं. या वेळी सावकाश वाचलं. बांधाची नकाशावरची पहिली रेघ होती तशीच राहिली असती तर साहेबांच्या सासुरवाडीची काळी रानं बुडाली असती. साहेबांनी इंजिनिअरला बोलावून रेघ वरच्या अंगाला सरकवायला लावली, आणि तिथली एक लहान वाडी पाण्याखाली गेली. पुढे लेखक म्हणत होते की त्या वाडीच्या देवळापुढे दोन नंदी होते, एकामागे एक. साहेबांनी हे सगळं लेखकांना स्वतः सांगितलं होतं, आणि पुढे साहेब त्या रस्त्याने कधी गेले नाहीत. त्याच पानावर, त्याच वर्षी, मुलींच्या शाळेची मंजुरी आली. दोन नंदींच्या त्या ओळीवर माझं बोट थांबलं.

मी दादांना दुकानात गाठलं आणि पान दाखवलं. ते उभ्याने वाचलं, परत वाचलं, चष्मा काढून पुसला. आधी ते माझ्यावर चिडले. "तू तर म्हनलीस चांगलं हाय."

"चांगलंच हाय की."

"ह्याला चांगलं म्हनतेत?"

मला खरोखर कळत नव्हतं. ज्या माणसाने हे लिहून ठेवलं तो चांगला, ज्याने हे सांगितलं तोही त्या घटकेला चांगलाच असणार, आणि ज्याने ते केलं तो तर तोच. दादा गल्ल्यावर बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या हे पान सोडून दे. गुत्तेदार समोर बसनार हाय. आन् आज्जाला... आज्जाला कशाला ऐकवतीस ह्या वयात?" मी म्हणाले, पोथीतली ओवी गाळायची नसते, हे आज्जांनीच शिकवलंय. दादा म्हणाले, "ही पोथी न्हाई गिरजा, पुस्तक हाय." काही दिवसांपूर्वी तेच उलटं म्हणाले होते. पण त्यांना हसावं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांना एकीकडे मामा होता आणि दुसरीकडे मुलगी, आणि दोघांसाठी ते एकच गोष्ट मागत होते.

मी रात्रभर जागले असं लिहायला हवं, पण मी गाढ झोपले. सकाळपासून घरात हुग्गीच्या गव्हाचा वास. अव्वा परातीत गूळ फोडत होती. मी तिला विचारलं, तू काय केलं असतंस. ती म्हणाली, "मला कुटं वाचता येतंय," आणि वेलदोडे सोलायला दिले. दिवसभर मी दोन्हीकडे गेले. कधी मनात यायचं की पान सोडलं तर लातूर मिळेल, आज्जांचा तोरा शाबूत राहील आणि कुणाचंच काही बिघडणार नाही. मग काट्यावरून आज्जांचं "लाभ... लाभ..." ऐकू यायचं आणि वाटायचं, माझा आवाज यांच्या कानाला बसलाय, पुढे काय लिहिलंय हे यांना दुसरं कोण सांगणार आहे? आणि लगेच वाटायचं, सांगायलाच पाहिजे असं तरी कुणी सांगितलंय?

संध्याकाळी ओटा भरून गेला. गुत्तेदारकाका पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, भिंतीला टेकून बसले आणि थोड्याच वेळात त्यांचे डोळे मिटले. मी वाचत गेले. तलावाचं पान आलं. दादा खांबाशी उभे होते, त्यांनी मान जराशी हलवली. मी आज्जांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, ऐकायला बसताना ते नेहमी डोळे झाकून कान माझ्याकडे करायचे. तो कान बघितला आणि मला पान उलटता आलं नाही. यात शौर्य काही नव्हतं. मी वाचलं. रेघ सरकली ते वाचलं, सासुरवाडी वाचली, दोन नंदी वाचले, आणि थांबले.

थांबायचीच जागा होती ती. सूचकाने अर्थ सांगायचा.

आज्जा डोळे उघडून म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. गुत्तेदारकाका कधी जागे झाले होते कोण जाणे, ते सरळ बसले होते. आज्जांनी घसा साफ केला. "आता बगा," ते नेहमीसारखंच म्हणाले. पण ते कुणाकडे बघून नव्हतं. "आमच्या पांदीच्या तोंडाला चिंच होती. तिथं सायेब बसले. मंग म्हारुद्राचं रान, मंग माजं. माज्या हिरीला बारा म्हैने पानी. लोक तयार नव्हते. सायेब लई अवघड बोलायचे, मानसाला समजायचं न्हाई. मंग मी उटलो. मी म्हनलो, सायेब म्हनतेत त्येचा अर्थ असा हाय, बाबांनो, की ही देवाची रेग हाय, ही कुनाच्या हातची न्हाई." ते थांबले. "अर्थ मीच सांगितला. सगळ्यांनी माज्या सांगन्यावर अंगठं दिलं."

बायकांत कुणीतरी पदर तोंडाला लावला. आज्जा माझ्याकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हेच्यात मान्सांची नावं असत्यात म्हनं शेवटाला, लावून ठिवलेली. मास्तर सांगत व्हते."

"हाव आज्जा. सूची म्हनतेत."

"माजं हाय का बग."

मी मागची पानं काढली. म वरून बोट फिरवलं, मग आडनावावरून, मग सगळीच सूची बघितली. मंत्री होते, संपादक होते, इंजिनिअर होता, सासरे होते. लोक वाट बघत होते. मी म्हणाले, "न्हाई."

"इल्ला?" त्यांनी कानडीत परत विचारलं, म्हणजे मराठीतलं 'न्हाई' त्यांना पुरेसं वाटलं नसावं.

"इल्ला, आज्जा."

"बरं," ते म्हणाले. "मंग पुडं वाच. अर्दी सोडायची न्हाई."

मी पुढे वाचलं, शाळेची मंजुरी आली ते. त्याचा अर्थ आज्जांनी सांगितला. "ही पोरगी वाचती, ती त्येच शाळेतली हाय," एवढाच. पुस्तक संपलं. आरती झाली. आज्जांनी साहेबांच्या फोटोला हात जोडले की नाही याच्यावर आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वाद होता. अव्वा म्हणायची जोडले, दादा म्हणायचे विभूतीचं बोट पुसलं. मी समोरच बसले होते आणि मला नक्की सांगता येत नाही.

पंगत बसली. गुत्तेदारकाकांनी हुग्गी खाल्ली, वर तूप मागून घेतलं, आणि हात धुताना दादांना म्हणाले, "हे पुस्तक आपनच वाटलंय न्हाई का सगळीकडं?" दादा म्हणाले, "हाव, तुमीच दिलाव." काका बराच वेळ हात पुसत राहिले. जागेचा विषय दादांनी काढला नाही. काढण्यासारखं काही उरलंय असं त्यांना वाटलं नसावं. रात्री ते अव्वाला म्हणाले की पोरीला इथेच काहीतरी बघू. मी भिंतीकडे तोंड करून रडले. लातूरसाठीच रडले, आज्जांसाठी नाही, हेही खरं आहे.

आणि मग निरोप आला की होस्टेलात जागा झाली आहे, मुलीला घेऊन या. का झाली, हे मला आजवर कळलेलं नाही. काकांनी शब्द आधीच टाकून ठेवला होता, की त्यांना लाज वाटली, की ही पोरगी आणि हे पुस्तक तालुक्यातून बाहेर गेलेलं बरं असं वाटलं? मी पुढे राज्यशास्त्राचे कितीतरी तास घेतले आणि सत्ता माणसांना कशी वागवते ते मुलांना फळ्यावर बाण काढून समजावलं, पण या एका निरोपाचा बाण कुठून कुठे काढायचा ते मला जमलं नाही. जावं की नाही, तेही कळेना. ज्यांनी आज्जांची वाडी बुडवली त्यांच्याच घरच्या शब्दावर शिकायला जायचं? मी आज्जांना विचारायला काट्यावर गेले. ते माप मोजत होते. मोजणं अर्धवट सोडता येत नाही, म्हणून मी उभी राहिले. पोतं शिवून झाल्यावर ते म्हणाले, "काय करूलालीस हितं? जा की. हीर गेलीच हाय, पानी तरी कुनी प्यावं का न्हाई?"

मला सोडायला एस.टी. स्टँडवर दादा आणि आज्जा दोघंही आले. उदगीरमार्गे गाडी होती. अव्वाने धपाटे आणि शेंगाची चटणी बांधून दिली होती. गाडी सुटायच्या आधी आज्जांनी खिडकीतून एक कापडात गुंडाळलेलं पुस्तक आत दिलं. साहेबांचंच. समाप्तीनंतर ते परत गल्ल्यामागे गेलं होतं, पण राख झटकलेली होती. "ने," म्हणाले. "तितं कुनी इचारलं काय वाचावं, तर हे सांग. वाचन्यासारखं हाय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते चेष्टा करत होते का, हे मला कळायच्या आत गाडी निघाली. दादा मात्र दुसरीकडेच बघत होते.

होस्टेलात पहिल्या संध्याकाळी बाकीच्या मुली ओळखी करून घेत होत्या आणि मी कॉटवर बसून ते पुस्तक उघडलं. मला आज्जांनी बघायला लावलेली ती सूची परत बघायची होती, का ते माहीत नाही. म च्या ओळीत, छापलेल्या दोन नावांच्या मधल्या अरुंद जागेत, कुणीतरी शाईने बारीक अक्षरांत एक नाव घातलं होतं. मन्मथआज्जांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि पुढे तलावाच्या पानाचा आकडा. आज्जांना लिहिता येत नव्हतं. अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं, पोत्यांवर खूण घालणाऱ्या माणसाचं. ते पान सोडून दे म्हणणाऱ्या माझ्या दादांचं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. आज्जांनी त्यांना लिहायला सांगितलं की त्यांनी आपणहून लिहिलं, हे मी दोघांनाही कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला कुणी नाही.

परवा ऋतुजाचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, नवीन जाऊ दे, आधी एक जुनं पाठवते. पुस्तकाची पाठ उसवली आहे, म्हणून कापडात बांधून दिलंय. तिने विचारलं, "खरंखुरं आहे का पण?" मी म्हणाले, मला सांगता येणार नाही, तू शेवटची पानं आधी बघ, म मध्ये. ती म्हणाली, बरं, आणि मग माझ्या गुडघ्यांचं विचारायला लागली.